क्वार्टर सुटली, पोट मात्र सुटलेलंच!

हिशोबनीस
"दारू सोड, महिन्याभरात पोट आत जातं की नाही बघ" हे वाक्य पन्नाशीतल्या प्रत्येक पिणाऱ्याने ऐकलेलं असतं. कागदावर ते खरंही वाटतं. आपल्याकडची व्हिस्की-रम ४२.८ टक्क्यांची. क्वार्टर म्हणजे १८० मिली, त्यात शुद्ध अल्कोहोल ७७ मिली, वजनात ६१ ग्रॅम. ग्रॅमला ७ कॅलरी धरल्या की झाल्या ४२५. सोबत चखणा. ५० ग्रॅम खारे दाणे (२८५) आणि २५ ग्रॅम शेव-फरसाण (१४०), म्हणजे आणखी ४२५. रोजच्या ८५०, महिन्याच्या २५,५००. एक किलो चरबीला ७,७०० हा नेहमीचा भागाकार लावला तर महिन्याला सव्वातीन किलो उतरायला हवेत.

होत तसं नाही. बऱ्याच जणांचा काटा किलोभर खाली येऊन तिथेच बसतो, काहींचा चक्क वर जातो. मग "सोडून मिळवलं काय?" हा प्रश्न पडतो. हा प्रश्न घातक आहे, कारण त्याचं उत्तर कोपऱ्यावरच्या वाईन शॉपमध्ये तयारच असतं.

तर जाणकारांनी सांगावं, हिशोब नेमका कुठे चुकतो? "आमचे एक काका होते" छापाचे किस्से कृपया नकोत. आकडे आणि कारणं हवीत.

पानसुपारी
"सोडा" म्हटलं की लोक ग्लासात ओततात, तिथेच चुकतो. बाकी चालू द्या, बसलोय. (चखण्याशिवाय.)

फाटका खिसा
मुळात १८० हाच आकडा संशयास्पद आहे. बारमध्ये ३०-६० चं माप असतं, घरी "दोन बोटं" असतात. ७ सेंमी व्यासाच्या सरळ ग्लासात दोन बोटं म्हणजे साडेतीन सेंमी उंची. गणित करा, १३० मिलीच्या वर जातं. ज्याला लोक घरी "एक पेग" म्हणतात तो बारमधले चार छोटे पेग असतो.

खरा आकडा हवा असेल तर ग्लास मोजू नका, बाटली मोजा. ७५० चा खंबा ज्या दिवशी उघडला त्या दिवशी लेबलवर तारीख टाकायची. तीन दिवसांत आडवा झाला तर रोजचे २५० मिली, मग तोंडाने काहीही सांगा.

हिशोबनीस
@फाटका खिसा, मग तर वजन आणखी उतरायला हवं! कोडं सुटायच्या ऐवजी वाढलं.

डॉ. कडुनिंब
कोड्याकडे येऊ, पण त्याआधी एक गोष्ट. हा धागा वाचून प्रत्येकाने उद्यापासून एकदम बंद करू नये.

सकाळी उठल्यावर हात थरथरतात, घाम फुटतो आणि एक घोट पोटात गेला की थांबतं, असं ज्याचं होतं, किंवा पूर्वी दारू थांबवल्यावर ज्याला फिट आली आहे, त्याने घरच्या घरी बंद करायची नाही. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते १२ तासांत थरथर, मळमळ, धडधड सुरू होते. फिट येण्याचा धोका ६ ते ४८ तासांत. भास होणं, भिंतीवर किडे दिसणं, दिवस की रात्र हे न कळणं, हे ४८ ते ९६ तासांत, आणि त्यात माणूस दगावू शकतो. म्हणजे "दोन दिवस ठीक गेले, सुटलो" हे तिसऱ्या दिवशी खोटं ठरू शकतं. डॉक्टर देखरेखीखाली क्लोरडायझेपॉक्साइड देतात, लिव्हर नाजूक असेल तर लोराझेपाम, आणि मात्रा रोज उतरवत आठवडा-दहा दिवसांत थांबवतात. शेजाऱ्याकडून आणलेली झोपेची गोळी म्हणजे हे उपचार नव्हेत.

दुसरं, आपल्याकडे घरचे लगेच म्हणतात, "अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून टाका." रोज पिणाऱ्याच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-१, कमी असतं. थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही संपतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. तोल जातो, डोळे भिरभिरतात, माणूस गोंधळतो. आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज. हे डॉक्टरला माहीतच असतं, पण समोरचा रोज पितो हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. लाजेपोटी ते एक वाक्य गिळू नका.

मूषकराज
डॉक्टर, थरथर नाही म्हणजे व्यसन नाही, असं धरायचं का?

फक्त आज
डॉक्टरांच्या आधी मीच उत्तर देतो, समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न रोजचा आहे. नाही, असं धरायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची "ऑडिट" नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. किती वेळा घेता, एका बैठकीत किती, थांबायचं ठरवून थांबता आलं नाही असं किती वेळा झालं, सकाळी घ्यावी लागली का, जवळच्या कुणी काळजी व्यक्त केली का, असे प्रश्न. एकूण गुण ० ते ४०. आठ किंवा त्यापुढे पिणं धोक्याचं, वीस किंवा त्यापुढे अवलंबित्वाची दाट शक्यता. पाच मिनिटांत होते. खरं उत्तर हवं असेल तर बायकोला शेजारी बसवून सोडवावी.

पानसुपारी
@फक्त आज, श्रावण कडक पाळणाऱ्याला त्यात किती गुण वजा?

फक्त आज
एकही नाही. "दरवर्षी श्रावणात महिनाभर सोडतो, म्हणजे मला व्यसन नाही" हा महाराष्ट्रातला सर्वांत लाडका पुरावा. त्यात दोन भोकं. एक, गटारीला किती झाली ते बघा. महिन्याचा कोटा आदल्या रात्री भरून काढणं हा संयम नाही. दोन, महिना संपायची तारीख पाठ असते. ज्याला शेवटचा दिवस माहीत आहे तो थांबलेला नाही, वाट बघतोय.

तरीही श्रावणाचा उपयोग आहे. घरी-दारी कुणी आग्रह करत नाही, कारण विचारत नाही. सुरुवातीच्या चार आठवड्यांना एवढं संरक्षण दुसऱ्या कुठल्या महिन्यात मिळत नाही. फक्त रोज पिणाऱ्यांनी डॉक्टरांचा वरचा प्रतिसाद आधी वाचावा. श्रावणातला पहिला दिवसही ४८ तासांच्या हिशोबातून सुटत नाही.

आमटीभात
श्रावणाचा विषय निघालाच आहे तर मूळ कोड्याचं अर्धं उत्तर तिथेच आहे. दारू बंद, मटण बंद, आणि महिनाअखेर वजन दीड किलो जास्त! कारण ताटात बघा. साबुदाण्याची खिचडी, एक ताटली : कोरडा साबुदाणा ७५ ग्रॅम (२६५ कॅलरी), दाण्याचं कूट ३० ग्रॅम (१७०), दोन चमचे तूप (८०). ५१५ झाल्या, प्रोटीन जेमतेम ८ ग्रॅम. क्वार्टर गेली आणि तिच्याहून जाड पाहुणी आली.

उपास नसतानाही हेच होतं, फक्त पाहुणा वेगळा असतो. बहुतेक घरांत तो चहा असतो. म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध ६० मिली, साखर दोन चमचे, म्हणजे एक कप ९०-९५ कॅलरीचा. दारू सुटल्यावर दिवसाला चार कप सहज वाढतात : संध्याकाळी हात मोकळे म्हणून, जेवल्यावर तोंड सुनं म्हणून, रात्री झोप नाही म्हणून. ३७० कॅलरी. सोबत चार मारी बिस्किटं बुडवली की क्वार्टर पुरी.

गोडाची ओढ वाढते ती नुसत्या सवयीने नाही. मेंदूला संध्याकाळी ज्या वेळी बक्षीस मिळायचं ती वेळ रिकामी होते, आणि साखर हे सर्वांत स्वस्त बक्षीस. शिवाय रोज पिणाऱ्याचं रात्रीचं जेवण अकरा वाजता, अर्धवट झालेलं असतं. संध्याकाळी सात वाजता तो खरोखरच भुकेला असतो, पण ती भूक त्याला "तलफ" वाटते.

म्हणून पहिला बदल ताटात नाही, घड्याळात. पावणेसहाला काहीतरी दातांना काम देणारं आणि प्रोटीनचं : दोन उकडलेली अंडी, किंवा वाटीभर मटकीची उसळ (कोरडी मटकी ४० ग्रॅम, प्रोटीन ९), किंवा ३० ग्रॅम फुटाणे आणि काकडी-गाजर. २०० कॅलरींच्या आत बसतं. जेवण आठच्या आत. साताला पोट भरलेलं असेल तर निम्मी लढाई तिथेच संपते.

जोरबैठक
गोड सरसकट बंदच करायला हवं. गूळसुद्धा. एक व्यसन सोडून दुसरं धरण्यात काय अर्थ आहे?

फक्त आज
@जोरबैठक, सपशेल असहमत. पहिल्या सहा आठवड्यांत गोडावर पहारे बसवू नका. तलफ साधारण पंधरा-वीस मिनिटांची लाट असते. त्या वेळी खिशात एक चिक्की किंवा दोन खजूर असण्याने लाट ओसरत असेल तर ती खाल्लीच पाहिजे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (एए, दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार द्यायचा गट) यांच्या सभांना जाणाऱ्यांनाही हा सल्ला नवा नाही. एकाच वेळी दारू, साखर, भात, सिगारेट सगळं सोडणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात सगळं परत धरतो, आणि पहिली दारू.

आमटीभात
मधला रस्ता : खजूर, चिक्की चालेल, मोजून आणि तलफ आल्यावरच. चहातली साखर मात्र पहिल्या दिवसापासून एका चमच्यावर आणा, कारण ती तलफेसाठी नसतेच, गप्पांसाठी असते. आणि उपवासाचे प्रयोग, सोळा तास पोट रिकामं ठेवणं वगैरे, निदान तीन महिने नकोत. भूक हीच पहिली घसरगुंडी. शिवाय ज्यांचं युरिक ॲसिड वाढलेलं आहे (बिअरवाल्यांत हे खूप) त्यांना कडक उपास आणि झपाट्याने उतरलेलं वजन, दोन्हींमुळे अंगठ्याचा गाउट (सांध्याची सूज) उसळतो. आठवड्याला अर्धा किलो पुष्कळ झालं.

डॉ. कडुनिंब
आमटीभात यांनी निम्मं कोडं सोडवलं. उरलेलं शरीराच्या आत आहे.

अल्कोहोल साठवता येत नाही, म्हणून ते आत आल्यावर लिव्हर बाकी कामं बाजूला ठेवून आधी ते जाळतं. तोवर चरबी जळणं मागे पडतं. म्हणजे दाणे-फरसाणातली चरबी थेट गोदामात जाते. पोट वाढतं ते या जोडीमुळे. पण दारूच्या सगळ्या ४२५ कॅलरी अंगी लागत नाहीत. ती पचवताना साधारण पाचवा हिस्सा उष्णतेत जातो. आणि वर्षानुवर्षं खूप पिणाऱ्यांत लिव्हर अल्कोहोल जाळायचा दुसरा, उधळपट्टीचा मार्गही वापरायला लागतं. "रोज पितो तरी बारीक आहे" अशी माणसं दिसतात त्यामागे हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे ते जेवतच नाहीत. अशा माणसाने दारू सोडली की भूक परत येते, अन्न अंगी लागायला लागतं आणि वजन वाढतं. ते चांगलं लक्षण आहे, त्याला डाएट देऊ नका.

तिसरी गोष्ट पाण्याची. नीट जेवायला लागल्यावर लिव्हर आणि स्नायूंत ग्लायकोजेन (साखरेचा साठा) पुन्हा भरतं. एक ग्रॅम ग्लायकोजेन सोबत तीन ग्रॅमच्या आसपास पाणी धरून ठेवतं. पहिल्या पंधरवड्यात काटा यामुळे किलोभर खोटं बोलू शकतो.

पण एक वजन असं आहे ज्यावर हसायचं नाही. हातपाय काटकुळे, पोट मात्र नगाऱ्यासारखं, पाठीवर निजल्यावर दोन्ही कुशींना फुगणारं, घोट्यावर बोट दाबलं तर खळगा राहतो. ही चरबी नाही, पोटात पाणी झालेलं असण्याची शक्यता आहे. चालून, पळून ते जात नाही. सोनोग्राफी आणि पोटविकारतज्ज्ञ, त्याच आठवड्यात.

रानमोगरा
मग रिपोर्ट कुठले काढायचे? "फुल बॉडी चेकअप"च्या जाहिराती बघून डोकं फिरतं.

डॉ. कडुनिंब
ऐंशी चाचण्यांचं पॅकेज नको. सोडताना एकदा आणि दोन महिन्यांनी एकदा : सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हरच्या चाचण्या जीजीटी या एन्झाइमसकट, साखर, लिपिड (रक्तातली चरबी), युरिक ॲसिड, पोटाची सोनोग्राफी. लिव्हरच्या चाचण्यांतलं एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असेल तर बोट दारूकडे जातं. जीजीटी दर दोन-तीन आठवड्यांनी साधारण निम्मं होत उतरतं. सीबीसीतला एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) मात्र तीन-चार महिने घेतो, कारण तांबड्या पेशीचं आयुष्यच १२० दिवसांचं. नुसती फॅटी लिव्हर असेल तर पूर्ण बंद केल्यावर चार-सहा आठवड्यांत लिव्हरमधली चरबी बरीच निवळते. म्हणजे काटा हलला नसला तरी आत काम चालू असतं. हिशोबनीस, "सोडून मिळवलं काय" याचं पहिलं उत्तर लॅबच्या कागदावर येतं, पँटवर नंतर.

रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी लक्ष ठेवावं. दारू थांबल्यावर काही आठवड्यांत दाब उतरतो आणि जुनी मात्रा जड व्हायला लागते. उठताना चक्कर आली तर मोजून डॉक्टरांना दाखवा, स्वतःच गोळी बंद करू नका. साखरेच्या ग्लिमेपिराइड-इन्सुलिनवाल्यांनाही हेच.

म्हापशेकर
गोव्यातून एक भर. आमच्याकडे उन्हाळ्यात उर्राक (काजूफळाच्या रसाची हलकी दारू) निघाला की लोक म्हणतात, "हो फक्त ज्यूस रे!" पहिल्या धारेचा उर्राक साधारण १५ टक्के. २०० मिली उर्राक म्हणजे २४ ग्रॅम अल्कोहोल, मोठ्या पेगाहून जास्त. त्यात वरून लिम्का, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची. कोल्ड्रिंकमध्ये १०० मिलीला साधारण १० ग्रॅम साखर. तीन ग्लास म्हणजे प्रत्येकी जवळजवळ पाऊणशे कॅलरींची साखर, शिवाय तिन्ही मिळून दारूच्या ५००. काजूचं फळ दिसतं म्हणून ते फळ नव्हे. काजू फेणी तर सरळ ४२ च्या घरातली.

पानसुपारी
म्हापशेकर, मिरची उभी चिरायची एवढंच लक्षात राहिलं. माफी असावी.

थेम्सकाठी
इथे ब्रिटनमध्ये हिशोब "युनिट"मध्ये करतात. एक युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल, ८ ग्रॅम. आठवड्याला १४ च्या वर जाऊ नका, तेही तीन-चार दिवसांत विभागून, असा सरकारी सल्ला. आपला ६० मिलीचा मोठा पेग अडीच युनिटचा, क्वार्टर पावणेआठ युनिटची. म्हणजे दोन क्वार्टर झाल्या की आठवडा संपला, आणि तिसरी उघडायला अजून पाच दिवस आहेत.

जोरबैठक
म्हणजे मापात घेतली तर चालते. शनिवारी दोन पेग, मुद्दा संपला.

फक्त आज
ऑडिटमध्ये पाच-सात गुण असलेल्याला कमी करणं जमतं, हे खरं. पण १४ हा धोका कमी ठेवणारा आकडा आहे, धोका शून्य करणारा नाही. दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं. आणि वीसच्या पुढच्या माणसाला "फक्त शनिवारी" सांगणं म्हणजे त्याला आठवडाभर शनिवार मोजायला लावणं. त्याला शून्य हे माप सोपं जातं. रोज ठरवावं लागत नाही.

रानजाई
धाग्यात सगळे काका-मामाच दिसताहेत, म्हणून लिहिते. बायका पितात, आणि पंचेचाळीस-पन्नाशीत त्यांचा हिशोब वेगळा असतो.

शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे तेवढ्याच दारूने रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. पाळी जाण्याच्या आसपास चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते. झोप आधीच तुटक, अंगातून वाफा येतात. "झोप लागावी म्हणून एक ग्लास वाईन" इथूनच सुरू होतं. वाईन झोप आणते लवकर आणि मोडते तीन वाजता. १५० मिलीचा ग्लास, १२ टक्के, म्हणजे १४ ग्रॅम अल्कोहोल, १०० कॅलरी. त्या कॅलरीपेक्षा मोडलेली झोप जास्त महाग, कारण दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि हात गोडाकडेच जातो. स्तनाच्या कर्करोगाचा धोका तर थोड्या प्रमाणातही वाढतो.

आणि एक. नवऱ्याने सोडली की त्याचं "डाएट" स्वयंपाकघरात येऊन पडतं. पावणेसहाची उसळ कोण भिजवणार? मटकी आदल्या सकाळी भिजत घालणं, रात्री उपसून फडक्यात बांधणं ही कामं पिणाऱ्याने स्वतः करायची आहेत. हातांना काम मिळतं, आणि उद्याच्या संध्याकाळची तयारी आज रात्रीच होते.

आमटीभात
@रानजाई, दंडवत. मटकीचा मुद्दा मीच विसरले होते.

कोपऱ्यातला
एक विचारायचं होतं. "न सांगता चहात टाका, दारू सुटेल" अशा पावडरी मिळतात. घरच्यांनी द्यावी का?

डॉ. कडुनिंब
नाही, नाही, नाही. अशा पुडीत काय आहे ते पुडीवालाच जाणे. त्यात डायसल्फिराम असेल आणि माणूस वर प्यायला, तर चेहरा लाल होणं, उलट्या, छाती धडधडणं, रक्तदाब एकदम कोसळणं हे सगळं होतं. हृदयरोग्याचा जीव जाऊ शकतो. डायसल्फिराम हे खरं औषध आहे, पण शेवटच्या पेगनंतर निदान १२ तास गेल्यावर, लिव्हर-हृदय तपासून, घेणाऱ्याच्या संमतीने. औषध थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारूशी त्याची रिॲक्शन येऊ शकते. द्राक्षासव-दशमूलारिष्टासारख्या आसव-अरिष्टांत आणि काही खोकल्याच्या औषधांतही अल्कोहोल असतं, तेही त्या काळात वर्ज्य. तलफ कमी करायला नाल्ट्रेक्झोन, ॲकॅम्प्रोसेट अशी दुसरी औषधं आहेत. कुठलं कुणाला हे लिव्हर-किडनी बघून ठरतं.

फक्त आज
आणि घरच्यांनी पुडीऐवजी फोन करावा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे, अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केलेलं. एए च्या सभा मराठीत होतात, फी नसते. घरच्यांसाठी अल-ॲनॉन वेगळं आहे. पिणारा यायला तयार नसला तरी बायको किंवा मुलगी एकटी जाऊ शकते.

मूषकराज
ती वजनाची नवी इंजेक्शनं घेतली तर दोन्ही कामं एकदम होतात म्हणे?

डॉ. कडुनिंब
त्यातल्या सेमाग्लुटाइडने पिणंही कमी होतं का यावर अभ्यास चालू आहेत, पण ते औषध मधुमेह आणि वजनासाठी आहे, दारूसाठी मान्यता नाही. खूप पिणाऱ्यांत आधी पॅनक्रियाटायटिस (स्वादुपिंडाची सूज) होऊन गेलेला असू शकतो, त्यांना ते सहसा देत नाहीत. आणि भूक मारल्यावर प्रोटीनही मरतं. पुढचं जोरबैठक सांगतील.

जोरबैठक
सांगतो. गोडावरून भांडलो तरी यात भांडण नाही. तिशीनंतर दर दशकात स्नायू घटत जातात, आणि दारू त्याला हातभार लावते. वजन उतरवताना स्नायूच गेले तर काटा खूश आणि माणूस खुळखुळा. किलोमागे निदान एक ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ७५ किलोच्या माणसाला ७५ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सातच असतं, पातळ आमटीत त्याहून कमी. पोह्यांना नाश्ता म्हणा, प्रोटीन म्हणू नका. "लिव्हर खराब, प्रोटीन बंद" हे जुनं झालं. सिऱ्होसिसमध्येसुद्धा (लिव्हर कडक होतं त्या आजारात) आता सरसकट तोडत नाहीत, पण तिथे डॉक्टरांचं ऐका.

व्यायाम पहिल्या आठवड्यात नको, नुसतं चाला. नंतर आठवड्यातून दोन दिवस : खुर्चीवरून हात न टेकता ऊठ-बस ८ ते १०, तीन वेळा. भिंतीला टेकून जोर तेवढेच. पाच लिटरचा भरलेला कॅन एका हाताने कमरेपर्यंत ओढणे. श्वास रोखायचा नाही. बाकी दिवशी चालणं, आठवड्याला १५० मिनिटं. वेळ सात ते आठच ठेवा, आणि रस्ता असा निवडा ज्यावर परमिट रूम नाही. पुण्या-मुंबईत असा रस्ता सापडेपर्यंतच दहा हजार पावलं होतात.

तळपाय बधिर असतील किंवा रात्री जळजळत असतील तर अनवाणी चालू नका. नसांचं दुखणं असू शकतं, बी-१२ आणि साखर दोन्ही तपासा.

पानसुपारी
सगळं पटलं. पण लग्नात मित्र ग्लास हातात कोंबतात त्याचं काय? "ॲसिडिटी आहे" चालेल?

फक्त आज
ॲसिडिटी, अँटिबायोटिक, गुडघा, सगळी कारणं नापास. कारण दिलं की समोरचा विचारतो, "कधी संपतोय कोर्स?" "सोडली" म्हटलं की चर्चा सुरू. "घेत नाही" एवढंच म्हणा आणि लगेच समोरच्याच्या मुलाचं शिक्षण विचारा. पोहोचल्याबरोबर स्वतःच्या हाताने ग्लास भरून घ्या : सोडा, लिंबू, मीठ, किंवा कोकमाचं आगळ. रिकामा हात दिसला की लोकांना दया येते. शून्य टक्के बिअर सुरुवातीला टाळा. कॅलरी थोड्या, पण वास, बाटली, फेस सगळं तेच. लाट उठवायला तेवढं पुरतं.

हिशोबनीस
सगळ्यांचे आभार. धागा वाचून गणित नव्याने मांडलं. क्वार्टरच्या ४२५ मधून पाचवा हिस्सा उष्णतेचा वजा, उरल्या ३४०. चखण्याच्या ४२५ मिळवून ७६५. त्यातून चार जादा चहांच्या ३७० गेल्या, पावणेसहाच्या खाण्याच्या २०० गेल्या. शिल्लक रोजच्या १९५. महिन्याच्या ५,८५०. भागिले ७,७००.

उत्तर : पाऊण किलो. सव्वातीन नव्हे.

आमटीभात
चखणा पूर्ण सुटला हे गृहीत धरलंत. डबा ओट्यावरच असेल तर तो दारूशिवायही संपतो, मग पाऊण किलोही विसरा. डबा घरातून बाहेर गेला आणि जादा चहा चारावरून दोनावर आले तर रोजच्या ३८० शिल्लक राहतात, महिन्याला दीड किलो. त्याहून घाई नको.

डॉ. कडुनिंब
आणि काट्यावर रोज चढू नका. मीठ, पाणी, पोट साफ होणं यांनीच तो दिवसाला किलोभर हलतो, त्यात पाऊण किलो दिसणारच नाही. पंधरा दिवसांनी कंबर मोजा. पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८० ही आपल्याकडची हद्द.

फाटका खिसा
कंबर कुठे मोजायची? पँटच्या पट्ट्यावर मापलं तर पोटाच्या खालून जातं, सगळेच ३४ भरतात.

डॉ. कडुनिंब
पट्टा विसरा. सर्वांत खालची बरगडी आणि खुब्याच्या हाडाची वरची कड, दोन्ही बोटांनी चाचपा. बरोबर मधोमध शिंप्याची टेप, जमिनीला समांतर, अंगाला लागेल पण रुतणार नाही अशी. सकाळी, उपाशीपोटी, श्वास सहज सोडून झाल्यावर.

पानसुपारी
श्वास सोडून? मग आत ओढून धरता येणार नाही.

डॉ. कडुनिंब
म्हणूनच.